अकरा खांबांची मापं

सराईला अकरा खांब होते. त्यांतला एकही दुसऱ्यासारखा नव्हता.

एक काळ्या दगडाचा चौकोनी. एक विटा आणि चुन्याचा. एक सागाच्या सरळ खोडाचा, खाली दगडी उखळात बसवलेला. एकाला आठ पैलू होते, पण सात नीट आणि आठवा जागा न उरल्यासारखा अरुंद. उंचीही सारखी नव्हती. तुळया एका पातळीत याव्यात म्हणून कुठे चार बोटांची, कुठे वीतभर जाडीची फरशी खांबाच्या डोक्यावर घातलेली होती. बाहेरून आलेला माणूस हे पाहून हसत असे. आम्हाला हसू येत नसे, कारण खांब वेगळे का आहेत ते आम्हाला माहीत होतं.

गाव बाजाराचं. खामगावहून चिखलीकडे जाणाऱ्या एसटीत बसलेल्यांनी ते पाहिलेलं असेल. नाव लिहीत नाही. त्याच्याभोवती अकरा खेडी. इंग्रजी अमदानीत कधीतरी या खेड्यांनी ठरवलं की आठवडी बाजाराला येणाऱ्याला आदल्या संध्याकाळी टेकायला जागा हवी. सरकारने पडीक जमीन दिली. भिंती आणि छप्पर सगळ्यांनी मिळून उभं केलं, आणि खांब मात्र प्रत्येक गावाने आपापला आणला. ज्या गावात जसा कारागीर, तसा त्या गावाचा खांब. आमच्या गावात गवंडी नव्हता, विहिरी बांधणारा एक माणूस होता. त्याने विहिरीच्या कड्यासाठी घडवतात तसे बाकदार दगड घडवले आणि पाठ बाहेर करून एकावर एक रचले. त्यामुळे आमचा खांब गोल होता, बुंध्याशी रुंद, वर निमुळता. त्याला टेकून बसलं की पाठीला कोपरा लागत नसे, हे आमच्या गावाचे लोक इतर दहा गावांना अधूनमधून ऐकवत.

ज्या गावाचा खांब, त्याच्या बुडाशी त्या गावाच्या माणसांनी उतरायचं. हरवलेला बैल, जमलेली सोयरीक, दवाखान्यात ठेवलेला माणूस, सगळे निरोप खांबापाशी ठेवले जात. ‘खांबापाशी सांगून ठेवजो’ म्हटलं की पत्ता पुरा झाला.

एकाही खांबावर गावाचं किंवा माणसाचं नाव नव्हतं. ते विसरून राहिलं नव्हतं, कोरायचं नाही असं ठरलेलं होतं. नावं बहुतेकांची देवाचीच. सराईत माणसं जमिनीवर निजणार, झोपेत कूस बदलणार, कुणाचा तरी पाय नावाला लागणार. मग वर कोरा, असं कुणी सुचवलं तेव्हा जुनी माणसं म्हणाली होती म्हणे, ‘खाली कोरलं तं पाय लागते, वर कोरलं तं गर्व लागते.’ तेव्हा कोरलंच नाही. कमानीवर, शिडीशिवाय हात न पोचेल अशा उंचीवर, एक संगमरवरी पाटी होती. ही इमारत अमुक साहेबाने लोकांसाठी उघडली, असं त्यावर इंग्रजीत होतं. साहेबाला पाय आणि गर्व या दोन्हींची अडचण नव्हती.

माझे वडील भाजीपाला पिकवत. वांगी, मेथी, हिरवी मिरची, हिवाळ्यात गाजर. बाजाराच्या आदल्या संध्याकाळी बैलगाडी सराईच्या आवारात सोडायची आणि उजाडताना ओट्यावर पहिल्या रांगेत बसायचं, असा त्यांचा जन्म गेला. उशिरा आलेल्याची मेथी उन्हात मान टाकते, आणि मान टाकलेल्या मेथीकडे गिऱ्हाईक पाहत नाही. सराई होती म्हणून पहिली रांग होती. मीही लहानपणी गोल खांबाशी निजलो आहे. वडिलांना साक्षरतेच्या वर्गात अक्षरओळख झाली होती. एसटीची पाटी आणि दुकानाची मोठी अक्षरं ते वाचत. वर्तमानपत्राची बारीक छपाई त्यांच्या आवाक्याबाहेर होती.

मी शिकलो, नागपूरला गेलो आणि एका दैनिकाच्या कचेरीत दोन वर्षं काढली. तिथले वृत्तसंपादक विशेषण दिसलं की लाल पेन्सिलीने खोडत आणि समासात लिहीत, ‘हे कोण म्हणालं?’ ते म्हणत, वार्ताहराला डोळे असावेत, हात नसावेत. मला ते पटलं होतं. अजूनही बरंचसं पटतं. महाराष्ट्र राज्य झालं, दैनिकाला प्रत्येक जिल्ह्यात आपला माणूस हवा झाला, आणि मला माझ्याच मुलखात परत पाठवण्यात आलं. मी त्या बाजाराच्या गावी एसटी स्टँडजवळ खोली घेतली. बातम्यांखाली माझं नाव येत नसे. वर ‘आमच्या वार्ताहराकडून’ एवढंच छापलं जाई.

सराईचं हॉटेल करायचं आहे, ही बातमी मला कुणी गुप्तपणे दिली नाही. ती सभेत जाहीर झाली. नगरपालिकेला लोक तेव्हाही कमेटीच म्हणत. कमेटीच्या सभेत एका सदस्याने सांगितलं की नवं राज्य आलं आहे, मंत्री दौऱ्यावर येतील, मुंबईचे कापूस व्यापारी येतील, जिल्ह्यातलं सरोवर पाहायला बाहेरचे लोक येतील, आणि त्यांना उतरवायला आपल्याकडे एक धड खोली नाही. गावातला एक कंत्राटदार सराई दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने घ्यायला तयार होता. खोलीला जोडून न्हाणीघर, नळाला गरम पाणी, खिडक्यांना वाळ्याचे पडदे, चिनी मातीच्या ताटात जेवण. असं हॉटेल जिल्ह्यात नव्हतं. सराईवर कुणाचा हक्क असेल तर एक महिन्यात पुराव्यासह कळवावं, अशी नोटीस कमेटीच्या फळ्यावर लागली. मी ती वहीत उतरवून घेतली आणि पाठवली. छापून आली.

वडील तिसऱ्या दिवशी माझ्या खोलीवर आले. दारातच उभे राहिले.

‘तूच लिहितो न पेपरात?’

‘हो.’

‘मंग लिही एक. का सराई अकरा गावाची हाय.’

‘कागद आहे का काही?’

‘खांब हाय न.’

‘खांब छापता येत नाही, बाबा.’

‘काऊन? फोटू नाई छापत तुमी? त्या मंत्र्याचा तं हप्त्याले छापता.’

मी त्यांना बसवलं. समजावलं की तालुक्याच्या बातमीसाठी फोटोचा ठोकळा करत नाहीत. समजावलं की ‘सराई अकरा गावांची आहे’ हे वाक्य मी माझ्या पदरचं म्हणून लिहू शकत नाही. कुणीतरी ते म्हणायला हवं.

‘मी म्हनून राह्यलो न.’

‘तुम्ही माझे वडील आहात.’

‘मंग तं अजूनच लिहाले पाहिजे,’ ते म्हणाले.

ते रागावून गेले नाहीत. माझ्या धंद्याला काही नियम असतील आणि ते आपल्याला कळत नसतील, असं त्यांनी धरलं. नांगराच्या खोलीबद्दल मी काही बोललो तर मी त्यांच्याबद्दल असंच धरत असे. जाताना एवढंच म्हणाले, ‘कोनीतरी म्हनालं तं लिहिशीन न? मंग आनतो मी म्हननारे.’

महिनाभर त्यांनी भाजीकडे पाहिलं नाही. अकरा गावं पायी आणि गाडीने फिरले. सुनावणीच्या दिवशी कमेटीच्या सभागृहात पन्नासेक माणसं आली होती. जागा पुरली नाही तेव्हा ती भिंतीला टेकून जमिनीवर बसली. बसताना कुणी सांगितलं नसताना अकरा गटांत बसली.

मुख्याधिकारी पुण्याकडचे होते. तरुण, सभ्य, शुद्ध बोलणारे. त्यांच्याबद्दल वाईट लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

‘एकेकानं बोला,’ ते म्हणाले.

‘एकेकानं कसं बोलू साहेब?’ मागून एक म्हातारा म्हणाला. ‘सराई का एकट्यानं बांधली?’

लोक हसले. मुख्याधिकारीही हसले.

‘बरं, सगळ्यांच्या वतीनं एकानं बोला.’

वडील उठले. खांबांची हकिगत त्यांनी नीट सांगितली, कोणता कोणत्या गावाचा, कुणी घडवला, दगड कोणत्या नाल्यातला. मुख्याधिकाऱ्यांनी मध्ये तोडलं नाही. शेवटी विचारलं, ‘मग त्यावर गावांची नावं का कोरली नाहीत?’

‘पाय लागते साहेब.’

‘म्हणजे?’

‘लोकं झोपते तठी. नाव देवाचं राह्यते. पाय लागते.’

मुख्याधिकाऱ्यांनी लेखणी उचलली आणि काय लिहावं ते न सुचून पुन्हा ठेवली. मग त्यांनी समजावणीच्या सुरात सांगितलं की दप्तरात ही सरकारी इमारत आहे, वहिवाट कमेटीची आहे, दारावर साहेबाची पाटी आहे. याविरुद्ध लेखी काही असेल तर दाखवा.

‘लेखी नाई. पन मापी हाय,’ वडील म्हणाले. ‘तुमचा मानूस पाठवा. अकराई खांब मोजा. त्यातला एक जरी दुसऱ्यासारखा निंगाला, तं आमी उठून घरी जातो. एकानंच बांधली असती, सरकारनं बांधली असती, तं सारखे नसते निंगाले का?’

ते बिनतोड होतं. मला त्या क्षणी वडिलांचा अभिमान वाटला, ही नोंद मी तेव्हा वहीत केली नाही, आता करतो. लोक ‘हाव, हाव, मोजा’ म्हणून उठले. मुख्याधिकाऱ्यांनी थोडा विचार केला आणि मोजणीचा हुकूम दिला. त्यांच्या चेहऱ्यावर सुटका झाल्याचं दिसलं. आता त्यांनाही काहीतरी लेखी मिळणार होतं.

मोजणी दोन दिवसांनी सकाळी झाली. ओव्हरसिअर देऊळगाव राजाकडचा, पोट सुटलेला, विनोदी माणूस होता. फीत, ओळंबा, पाणसळ आणि रकाने आखलेला कागद घेऊन आला. मी बातमीदार म्हणून हजर होतो. अकरा गावांची माणसं वरात निघाल्यासारखी आली होती. फितीचं दुसरं टोक धरायला ओव्हरसिअरचा शिपाई पुढे झाला तर वडिलांनी ते त्याच्या हातातून घेतलं.

‘मी धरतो. माह्या गावचा खांब हाय.’

‘काका, हा पहिला खांब. तुमचा कुठला?’

‘चौथा. पन सराव करून घेतो.’

डावीकडून पहिला खांब मोजला. ओव्हरसिअरने घेर वाचला, उंची वाचली. दुसरा मोजला. आकडे वेगळे आले. वडिलांनी मान वळवून लोकांकडे पाहिलं. तिसऱ्याचे अजून वेगळे आले तेव्हा कुणीतरी टाळी वाजवली. चौथा आमचा. त्याचा बुंध्याशी घेर आणि डोक्याशी घेर यांतच एवढा फरक निघाला की ओव्हरसिअरने फीत पुन्हा लावली.

‘काका, हा खांब आहे का गाजर?’

हशा पिकला. वडील सगळ्यांत मोठ्याने हसले. ‘विहीरवाल्यानं बांधला साहेब. उलटी विहीर हाय ते. पानी नाई लागलं एवढंच!’

‘लिहा, लिहा,’ पलीकडे आठव्या खांबापाशी उभा असलेला एक जण ओरडला. ‘आमचा त्याच्याहून वाकडा हाय! ओळंबा लावून पाहा.’

तिथे जाऊन ओळंबा लावला. खरंच वाकडा निघाला. त्या गावाच्या माणसांनी एकमेकांच्या पाठीवर थापा मारल्या. मग प्रत्येक खांबापाशी हेच झालं. आपला खांब शेजाऱ्यापेक्षा किती वेगळा, किती कललेला, किती आखूड, यासाठी गावागावांत चढाओढ लागली. ओव्हरसिअर एखादा फरक सोडून पुढे निघाला तर ते त्याला बाही धरून परत आणत. ‘हे राह्यलं न साहेब, इथी फट हाय. चार बोटं जाते. घालून पाहा.’ त्याने बोटं घातली. लिहिलं.

मी ओव्हरसिअरच्या डाव्या हाताला उभा होतो. तिथून त्याचा कागद मला स्पष्ट दिसत होता. घेर, उंची, आणि शेवटचा रकाना ‘शेरा’. पहिल्या खांबापुढे शेरा होता, ‘असमान’. दुसऱ्यापुढे, ‘असमान, सांधे उघडे’. आमच्या खांबापुढे, ‘आकार सदोष, भार पेलण्यास अयोग्य’. कललेल्या खांबापुढे, ‘धोकादायक’.

पाचव्या खांबापाशी मला समजलं होतं की हा कागद कुठे जाणार. अजून सहा खांब बाकी होते. वडील माझ्यापासून तीन हातांवर फितीचं टोक बोटाने दाबून, श्वास धरून उभे होते, फीत सैल पडू नये म्हणून. एक शब्द पुरला असता. ‘बाबा, पुरे करा’ एवढं म्हटलं असतं तर त्यांनी का म्हणून विचारलं असतं, मी सांगितलं असतं, आणि त्या लोकांनी फीत तिथेच खाली टाकली असती. पुढे काय झालं असतं ते मी सांगू शकत नाही. जे झालं नाही त्याची बातमी नसते. मी बोललो नाही. वार्ताहराला हात नसावेत. मी वहीत आकडे उतरवून घेत राहिलो.

मोजणी संपल्यावर वडिलांनी ओव्हरसिअरला चहा पाजला. त्याच्या कागदावर हात ठेवून विचारलं, ‘सगळं आलं न यात?’

‘सगळं आलं, काका. काही सोडलं नाही.’

तो खोटं बोलला नाही.

आठ दिवसांनी अहवाल सभेपुढे आला. त्याआधी मी त्याची नक्कल मिळवून बातमी पाठवली होती. ती एका रकान्यात, चौथ्या पानावर आली. मथळा होता ‘सराईची इमारत सदोष’. खाली मजकूर: तपासणीत इमारतीचे अकराही खांब परस्परांशी असमान आढळले, काही कललेले असून सांधे उघडे पडले आहेत, इमारतीवरील हक्काबाबत कोणताही लेखी पुरावा पुढे आलेला नाही. तीन वाक्यं. प्रत्येक खरं. मूळ मजकुरात मी चौथं वाक्य लिहिलं होतं की खांब निरनिराळ्या गावांनी आणल्यामुळे ते वेगळे असल्याचं गावकऱ्यांचं म्हणणं आहे. पाठवायच्या आधी ते मीच खोडलं. ज्याने ते म्हटलं तो माझा बाप होता, आणि नागपूरच्या कचेरीत कधी ना कधी कुणीतरी ही गोष्ट उकरून काढली असती. मला कुणी हसावं असं वाटत नव्हतं. ते वाक्य खोडायला कुणीही सांगितलं नव्हतं.

सभेत ज्या सदस्याने ठराव मांडला त्याने माझं कात्रण वाचून दाखवलं. ‘हे आम्ही म्हणत नाही,’ तो म्हणाला, ‘नागपूरचा पेपर म्हणतो.’ ठराव एकमताने झाला. सराई लोकांच्या जिवाला धोकादायक म्हणून तत्काळ बंद करावी, आणि दुरुस्तीच्या अटीवर पट्ट्याने द्यावी.

स्टँडवरच्या चहावाल्याने ती बातमी बाजाराच्या दिवशी मोठ्याने वाचली. तो माझ्याच वयाचा, माझ्याबरोबर शाळेत असलेला. मी गेलो तेव्हा कपबशी पुढे सरकवत म्हणाला, ‘काऊन बे, तुह्या बापाच्याच खांबाले गाजर केलं का तू पेपरात?’

‘ते ओव्हरसिअर म्हणाला.’

‘हाव. अन् छापलं कोनी? ओव्हरसिअरनं?’

वडील संध्याकाळी खोलीवर आले. या वेळी आत येऊन बसले. पाणी प्यायले.

‘तू होता न तठी? मापी घेत होते तवा?’

‘होतो.’

‘त्याचा कागद दिसत होता तुले?’

‘दिसत होता.’

‘अन् खांब काऊन वेगळे हायेत, हे तुले मालूम हाय.’

‘आहे.’

‘मंग नाई लिहिलं ते?’

मी म्हणालो, बातमीत मत येत नाही.

‘हे मत हाय?’ त्यांनी विचारलं.

खरोखर जाणून घ्यायचं असल्यासारखं विचारलं. मग ते गाडी कुठे सोडायची ते पाहायला गेले. त्या दिवसापासून सराईला कुलूप होतं.

पुढचं वर्षभर अकरा गावांच्या गाड्या रस्त्याच्या कडेला, जिनिंगच्या भिंतीशी, स्टँडच्या मागे सुटत राहिल्या. तिथून हवालदार उठवत असे. ओट्यावरची पहिली रांग गावात भाड्याची खोली घेऊ शकणाऱ्यांची झाली. वडील उजाडल्यावर गावाहून निघू लागले. पोचेपर्यंत ऊन चढलेलं असे. त्यांनी मेथी लावणं सोडलं. हे त्यांनी मला सांगितलं नाही, आईने सांगितलं.

हॉटेलच्या उद्घाटनाचं निमंत्रण पत्रकार म्हणून मला आलं. समारंभ सकाळी होता, नंतर भोजन. सराई ओळखू येत नव्हती. जुनं तोंड बाजाराकडे होतं, ती कमान बुजवून तिथे स्वयंपाकघर केलं होतं. धूर, खरकटं आणि माल यांची ये-जा आता त्या बाजूने. नवं दार उलट्या बाजूला, मोठ्या सडकेकडे. साहेबाची पाटी मात्र काढून, घासून, नव्या दारावर लावलेली होती. ती जुनी म्हणून शोभेची होती. आत पंखे, आरसे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाजम. अकराही खांब सिमेंटने एका साच्यात गोल करून त्यांवर मलईच्या रंगाचा तैलरंग दिला होता. वर नक्षीची बोंडं. एका व्यापाऱ्याने एका खांबावर हात फिरवून विचारलं, संगमरवर का? कंत्राटदार म्हणाला, तसंच समजा. तो भला दिसत होता, सगळ्यांची जातीने विचारपूस करत होता. खांब पाडणं त्याच्या कारागिरांना जमलं नव्हतं, हे त्यानेच मला कौतुकाने सांगितलं. ‘ओव्हरसिअर म्हणे धोकादायक. अहो, आमच्या मिस्त्रीनं घण घातला, तर घणाचा दांडा तुटला. मग म्हटलं राहू दे. वरून गिलावा मारू.’

हे मी वहीत लिहून घेतलं. छापलं नाही. समारंभाच्या बातमीत ते बसत नव्हतं.

जेवणाआधी मी मोकळ्या हवेसाठी नव्या दाराकडे आलो, तर बाहेर सडकेवर वडिलांची गाडी उभी. हॉटेलच्या माणसाने त्यांच्याकडून वांगी मागवली होती. वांगी मागच्या दाराने, म्हणजे जुन्या पुढच्या दाराने, उतरवून झाली होती. तिथून आत सोडलं नाही म्हणून ते वळसा घालून पुढे आले होते. अंगात धुतलेला सदरा होता. वहाणा त्यांनी गाडीतच काढून ठेवल्या होत्या. ते उंबरठ्याच्या अलीकडे थांबले होते.

‘या ना आत,’ मी म्हणालो. ‘मी आहे. कुणी काही म्हणणार नाही.’

ते खाली पाहत होते. उंबरठ्याला लागून मोझेकची फरशी होती आणि तिच्यात पितळी पट्ट्यांची वीतभर अक्षरं बसवली होती. हॉटेलचं नाव. कंत्राटदाराने ते आपल्या वारलेल्या वडिलांचं दिलं होतं, आणि त्यांचं नाव देवाचं होतं. दार पूर्ण व्यापलेलं. आत जायला दुसरी वाट नव्हती. वडील ओठ हलवत अक्षर अक्षर वाचत होते. एवढी मोठी अक्षरं त्यांना वाचता येत होती.

‘याच्यावर पाय ठेवू?’ ते म्हणाले.

दारावरचा गणवेशातला माणूस हसून म्हणाला, ‘सगळेच ठेवून राह्यले बाबाजी. सकाळपासून दोनशे लोकं गेले.’

मीही सकाळी त्यावरून आत गेलो होतो, आणि आत्ता त्यावरून बाहेर आलो होतो. मला अक्षरं दिसली नव्हती. वाचणं हा माझा धंदा होता.

वडील हटले नाहीत, पुढेही झाले नाहीत. तिथूनच मान उंच करून आत पाहिलं. आत ओळीने सारखे मलई रंगाचे खांब. त्यांनी ते मोजले असावेत. मग मला म्हणाले, ‘आपला कोनता ते पाहून ये बरं. हात लावून ये.’

मी आत गेलो. डावीकडून चौथ्या खांबापाशी थांबलो, त्याला हात लावला. गार, गुळगुळीत. बाहेर आलो आणि सांगितलं, ‘चौथा. डावीकडून. हात लावून आलो.’

त्यांनी हाताने जुन्या दाराची बाजू दाखवली.

‘दार उलटं केलं न त्यांनी,’ ते हळू म्हणाले. ‘मंग डावीकून कसा येईन? आता उजवीकून चौथा. तू लावला तो त्या वाकड्यावाल्याचा.’

बरोबर होतं. तिथे उभं राहून, आत न जाता त्यांनी ते ओळखलं होतं. ते गाडीकडे गेले, जू उचललं, बैल जुंपले. मला वाटलं काही म्हणतील. ‘जेवून घे, वांगी ताजी हायेत,’ एवढं म्हणाले आणि गाडी हाकली.

मी परत आत गेलो नाही असं लिहायला मला आवडलं असतं. मी गेलो. पंगत मांडली होती, माझ्या नावाची चिठ्ठी पत्रकारांच्या खुर्चीवर होती. उजवीकडून चौथ्या खांबापाशी जाण्यासाठी व्यापाऱ्यांच्या टेबलामागून जावं लागलं असतं. मी गेलो नाही. भरल्या वांग्यांची भाजी चांगली झाली होती.

संध्याकाळच्या एसटीने बातमीचं पाकीट पाठवलं. उद्घाटन कुणी केलं, खोल्या किती, सोयी कोणत्या, आभार कुणी मानले. एक वाक्य भोजनगृहाबद्दल होतं: ‘प्रशस्त भोजनगृहातील अकराही खांब एकसारखे असून पाहुण्यांचे लक्ष वेधून घेतात.’ नागपूरला कुणीही त्यावर लाल पेन्सिल फिरवली नाही. जसंच्या तसं छापून आलं.